मैदानी हस्तकलेचा तयार डबा: पाच खेळांपैकी दोनच विकत घेण्याजोगे

‘पाच खेळ एका डब्यात’ अशा थाटात लहान मुलांसाठी जे मैदानी हस्तकलेचे संच मिळतात, ते उघडले की आत बहुधा हेच निघतं: साबणाच्या फुग्यांचं द्रावण आणि दोरीच्या काठ्या, उन्हात छाप उमटणारे निळसर कागद, भिरभिऱ्याचे छापील चौकोन, खडू ओतायचं प्लास्टर आणि एक कागदी पतंग. जोडीला बोथट कात्री, डिंकाची चिमुकली बाटली, चिकटवायचे डोळे आणि चित्रं काढलेला घडीचा कागद. ब्रँड बदलला की रंग बदलतात, सामान तेच राहतं. म्हणून हे परीक्षण कुठल्या एका कंपनीचं नाही, या प्रकारच्या डब्याचंच आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. छापाचे कागद पैसे देऊन घेण्यासारखे आहेत, ते घरी तितके चांगले होत नाहीत. फुग्यांच्या काठ्याही घ्याव्यात, पण दोरी बदलून. बाकी तीन खेळ घरातल्या सामानातून अधिक चांगले होतात, आणि प्लास्टर तर मुलांच्या डब्यात असायलाच नको होतं.

खोक्यावरच्या ‘३+’ या आकड्याबद्दल मोठा गैरसमज आहे. तीन वर्षांच्या मुलाला हे जमेल, असा त्याचा अर्थ नाही. त्याहून लहान मुलाच्या हाती पडले तर यातले सुटे भाग धोक्याचे आहेत, एवढंच तो सांगतो. खेळण्यांच्या सुरक्षा चाचणीत ३१.७ मिलिमीटर व्यासाचं नळकांडं वापरतात. वस्तू न दाबता त्यात पूर्ण मावली तर ती घशात अडकण्याइतकी लहान धरली जाते. घरी हाच अंदाज टॉयलेट रोलच्या पुठ्ठ्याच्या नळीने घेता येतो. ती थोडी रुंद असते, त्यामुळे चूक झालीच तर सावधगिरीच्या बाजूने होते. भिरभिऱ्याचा मणी, चिकटवायचे डोळे, दोरीत ओवलेला वॉशर हे सगळे त्या नळीतून आरपार जातात. घरात तोंडात वस्तू घालणारं धाकटं भावंड असेल तर डबा त्याच्यासमोर उघडूच नये. जमण्याचं म्हणाल, तर भिरभिरं पाचाव्या वर्षाच्या आसपास हाताला बसतं, दोरीच्या काठ्या त्याच सुमारास, आणि उन्हाचे छाप मात्र तीन वर्षांचं मूलही मोठ्यांच्या मदतीने मजेत करतं.

फुग्यांपासून सुरुवात करू, कारण डब्यातली पहिली उडी मुलं त्यावरच घेतात. द्रावणाची बाटली लहानखुरी असते आणि पहिल्याच खेळात लवंडते. त्याचं फार वाईट वाटून घेऊ नका, घरचं द्रावण जवळजवळ नेहमीच सरस ठरतं. एक लिटर कोमट पाण्याला ५० मिलिलिटर भांडी घासायचं लिक्विड, १ ग्रॅम ग्वार गम म्हणजे गवारीच्या बियांची चिकट पूड (सपाट चहाच्या चमच्याचा तिसरा हिस्सा), २ ग्रॅम बेकिंग पावडर (जेमतेम अर्धा चमचा) आणि एक मोठा चमचा ग्लिसरीन, हे प्रमाण. ग्वार गम सरळ पाण्यात टाकला की त्याच्या गुठळ्या होतात. बाहेरून चिकट, आत कोरडी पूड, आणि मग कितीही ढवळा, त्या मोडत नाहीत. म्हणून तो आधी वाटीत ग्लिसरीनमध्ये कालवून सैलसर करायचा, ढवळत्या पाण्यात बारीक धारेने सोडायचा आणि पुढची पाच मिनिटं हात थांबवायचा नाही. मग बेकिंग पावडर. लिक्विड सगळ्यात शेवटी, फेस न काढता, हलक्या हाताने. तासभर झाकून ठेवा.

यातला ग्वार गम वगळला तर मुठीएवढेच फुगे येतात. त्याच्या लांबच लांब रेणूंमुळे साबणाचा पडदा ताणला तरी फाटत नाही, मोठा फुगा त्यावरच उभा राहतो. ग्लिसरीन पाणी उडून जाण्याचा वेग कमी करतं. बेकिंग पावडर द्रावणाचा सामू जागेवर ठेवते. तिच्याऐवजी खाण्याचा सोडा टाकला तर तो परिणाम मिळत नाही. आणि साबण वाढवला म्हणजे फुगे मोठे होतील हा समज खोटा आहे. एका मर्यादेपर्यंत साबण पाण्याचा पृष्ठताण उतरवतो, त्यानंतर कितीही ओतला तरी ताण आणखी उतरत नाही. पडदा नुसता जड होतो आणि खालून ठिबकायला लागतो.

आता काठ्या. डब्यात साधारण ४० सेंटिमीटरच्या दोन काठ्या असतात आणि त्यांच्या टोकांना त्रिकोणी फास बांधलेला असतो: वरची दोरी आखूड, खालची लांब, मधोमध वजनाला वॉशर. रचना उत्तम आहे. घोळ दोरीत आहे. बहुतेक डब्यांत ती नायलॉनची किंवा चकाकणाऱ्या पॉलिस्टरची असते, आणि ती द्रावण धरून ठेवत नाही. पडदा फुगत असताना त्याला कडेने सतत द्रावण मिळावं लागतं, ते दोरीच पुरवते. तेव्हा ती काढून जाड, सैल पिळाची सुती दोरी लावा. वरची ३० सेंटिमीटर, खालची ७० ते ८०. नवी सुती दोरी पहिल्यांदा पाणी झटकते. ती लिक्विड घातलेल्या गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवून, पिळून घेतली की शोषायला लागते. एवढ्या एका बदलाने त्याच काठ्यांतून दुपटीने मोठे फुगे निघू लागतात.

मुलांचं चुकतं ते नेमकं कुठे, हे जवळून पाहण्यासारखं आहे. काठ्या बुडवून वर काढताना त्या एकमेकींना चिकटलेल्या हव्यात. मूल बादलीतच त्या उघडतं, दोरीला पीळ बसतो आणि पडदा धरतच नाही. पडदा धरलाच, तर ते जोरात पुढे पळतं आणि पडदा तोंडावर फुटतो. काठ्या सावकाश उघडायच्या, वाऱ्याकडे पाठ करायची आणि दोन पावलं मागे सरकायचं, म्हणजे फुगा समोर लांबत जातो. मग काठ्या पुन्हा जुळवायच्या, की फुगा मिटून सुटतो. ही शेवटची जुळवणी चार वर्षांखालच्या मुलाला सहसा साधत नाही. त्याला तारेचं हातभर लांब दांड्याचं कडं करून द्या आणि कड्यावर लोकर गुंडाळा. डब्यातल्या प्लास्टिकच्या गुळगुळीत कड्यापेक्षा ते कितीतरी जास्त द्रावण धरतं. तारेची टोकं मात्र दुमडून टेपखाली घालायला विसरू नका.

हवामानाची गोष्ट डब्यातला कागद सांगत नाही. भर दुपारी, कोरड्या वाऱ्यात कुठलंही द्रावण निकामी ठरतं, कारण पडद्यातलं पाणी उडून जातं. पहाट, सूर्यास्तानंतरचा अर्धा तास, पाऊस पडून गेल्यावरची दमट हवा, या वेळा साधा. फुगा किती टिकेल हे रंगावरून कळतं: गुलाबी-हिरवा असेपर्यंत पडदा जाड असतो, मग सोनेरी-पिवळसर छटा येते, आणि वरच्या बाजूला रंगच नाहीसा झाला की तो फुटायलाच आलेला असतो. पाच-सहा वर्षांच्या मुलांना हे एकदा दाखवलं की ती फुगा फुटण्याआधीच ‘आता!’ म्हणून ओरडायला लागतात.

द्रावणावर फेस जमला तर तो हाताने काढून टाका, फेसातून काढलेल्या दोरीवर अखंड पडदा बसत नाही. खेळ गवतावर किंवा मातीवर घ्या. फरशीवर सांडलेलं हे पाणी भयंकर निसरडं होतं. डोळ्यात गेलं तर स्वच्छ पाण्याने भरपूर धुवायचं. ग्वार गम घातलेलं द्रावण चार-पाच दिवसांत आंबतं, वास आला की ओतून द्या. विकतच्या द्रावणालाही हाच न्याय लावा: काही देशांत तयार द्रावणांत जंतू सापडल्यामुळे माल बाजारातून परत मागवण्याची वेळ आलेली आहे. बाटली गढूळ दिसली किंवा उघडताच आंबूस वास आला तर मुलाच्या हाती देऊ नका. आणि बाटलीला तोंड लावून फुंकायचं नाही, हे आधीच बजावा.

उन्हाचे कागद हा डब्यातला खरा ऐवज. जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधलेली ही पद्धत, आणि पुढच्याच वर्षापासून अ‍ॅना अ‍ॅटकिन्स यांनी तिच्यातून समुद्री शैवालांचे छाप पुस्तकरूपात काढायला सुरुवात केली. छायाचित्रांनी सजलेलं पहिलं पुस्तक म्हणून त्याचा उल्लेख होतो. कागदावर लोहाच्या क्षारांचा लेप असतो. उन्हातले अतिनील किरण पडले तिथे तो प्रशियन निळ्या रंगात बदलतो आणि कागदाला धरून राहतो. पान ठेवलं होतं तिथला लेप पाण्याने धुऊन जातो आणि पांढरी आकृती उरते.

कृती सोपी, पण क्रम पाळावा लागतो. आधी सावलीत, कागद न काढता, पानं-फुलं-पिसं मांडून पाहा. मुलांचं सारखं हलवणं, बदलणं, भांडणं हे सगळं या टप्प्यावर उरकू द्या. रचना ठरली की खोलीच्या मंद उजेडात पुठ्ठ्यावर कागद ठेवा, लेपाची बाजू वर, त्यावर रचना, त्यावर डब्यातली पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची पट्टी, आणि चारही कडांना कपड्यांचे चिमटे. मग उचलून उन्हात. कडक उन्हात २ ते ५ मिनिटं, ढगाळ हवेत १० ते २०. घड्याळापेक्षा कागदाकडे बघा: उघडा भाग फिका, जवळजवळ पांढरट झाला की काढा. पसरट तबकात पाणी घेऊन एक ते पाच मिनिटं धुवा, पाण्याला रंग येईनासा होईपर्यंत. मग सपाट वाळवा. ओला छाप फिका दिसतो म्हणून मुलं हिरमुसतात. वाळताना निळा गडद होत जातो, दुसऱ्या दिवशी आणखी.

बिघडतं ते बहुतेक वेळा पुढच्या कारणांनी. कागदांची काळी पिशवी उन्हात उघडली की सगळे कागद एकदम वाया जातात. एकेक काढायचं आणि पिशवी लगेच दुमडून बंद करायची. अ‍ॅक्रिलिकच्या दोन्ही बाजूंना संरक्षक पापुद्रा असतो, तो काढायचा राहिला तर छाप धूसर येतो. जाड फूल कागदापासून उचललेलं राहतं, त्याखाली तिरपा उजेड शिरतो आणि कडा पुसट होतात. अशी फुलं आदल्या दिवशी वहीत दाबून ठेवा, किंवा नेचासारखी चपटी, कातरलेली पानं निवडा. ओलं पान ठेवलं तर त्याचा डाग तसाच उमटतो. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात सावली सरकते, तेव्हा सूर्य डोक्यावर असतानाचा वेळ घ्या. (फुग्यांची आणि छापांची वेळ बरोब्बर उलटी, त्यामुळे एकाच दिवशी दोन्ही खेळ छान बसतात.) तयार छाप साबणाने किंवा सोड्याच्या पाण्याने धुऊ नका, अल्कधर्मी पाण्याने प्रशियन निळा उडून जातो. सतत उजेडात टांगलेला छाप फिका पडला तर काही दिवस अंधारात ठेवून बघा, रंग बराचसा परत येतो. कागद तोंडात घालू देऊ नये आणि खेळ झाल्यावर हात धुवावेत.

याला घरगुती पर्याय आहे, पण दुय्यम. स्वस्त, गडद रंगाचा हस्तकलेचा कागद घ्या, त्यावर पानं दाबून दिवसभर कडक उन्हात ठेवा. उघडा भाग विटतो आणि पानाखालचा मूळ रंग राहतो. जांभळा आणि निळा बहुधा लवकर विटतात. महागडा, न विटणारा कागद इथे कुचकामी. चार-पाच तास वाट पाहायची तीन वर्षांच्या मुलाची तयारी नसते, म्हणून खरे कागद घेणं परवडतं. सुटे पुडके मिळत असतील तर डबा घेण्याची गरजच नाही.

भिरभिऱ्याचे चौकोन डब्यात छान छापलेले असतात आणि फिरत नाहीत. कारणं दोन. एक, कागद. चकचकीत जाड पुठ्ठा वळत नाही, वळवला की घडी पडते. साधा लिहायचा कागद वाऱ्यात चेपतो. १२० ते १६० जीएसएमचा (चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा) कार्डपेपर योग्य. दोन, मधली पिन. डब्यात दोन पाय फाकवायची पितळी पिन देतात. ती घट्ट दाबली की भिरभिरं काठीला चिकटून बसतं, सैल ठेवली की डुगडुगतं. घरी करताना १५ सेंटिमीटरचा चौकोन घ्या, चारही कोपऱ्यांपासून मध्याच्या दिशेने कापा आणि मध्यापासून अडीच सेंटिमीटरवर थांबा. एक सोडून एक टोक मध्यावर आणा, सगळी एकाच दिशेने. आधी जाड सुईने मधलं भोक पिनेपेक्षा किंचित मोठं करून घ्या. मग पिन, भिरभिरं, एक मणी, आणि मग लाकडी काठी. मणी विसरला तर मागची बाजू काठीला घासत राहते. फिरत नसलेल्या दहापैकी नऊ भिरभिऱ्यांचं दुखणं तेच. पिनेचं डोकं आणि कागद यांत दोन मिलिमीटरची फट हवी. मागून बाहेर आलेलं पिनेचं टोक पक्कडीने वाकवून त्यावर खोडरबरचा तुकडा बसवा. डब्यातली कागदी स्ट्रॉ काठी म्हणून वापरू नका, घामाने मऊ पडते. बोथट कात्री कार्डपेपर चावते, कापत नाही. कापायचं काम मोठ्यांनी करून द्यावं, टोकं वळवायचं मुलांनी.

प्लास्टरच्या पिशवीवर आमचा स्पष्ट आक्षेप आहे. प्लास्टर ऑफ पॅरिस पाणी लागल्यावर घट्ट होताना तापतं, आणि जाड थरात चांगलंच तापतं. त्यात हात-पाय बुडवून ठसा घेणं धोक्याचं आहे, भाजतं आणि घट्ट झाल्यावर हात निघत नाही. काही डब्यांच्या चित्रांत नेमका असाच ठसा सुचवलेला असतो. खडू करायचेच असतील तर ते मोठ्यांनी, तोंडाला फडकं बांधून: एक माप पाण्यात दोन मापं पूड भुरभुरवायची (पुडीवर पाणी ओतायचं नाही), मिनिटभर थांबून सावकाश ढवळायचं, चमचाभर पोस्टर रंग, आणि आतून मेणकागद लावलेल्या पुठ्ठ्याच्या नळ्यांत ओतायचं. अर्ध्या-पाऊण तासात घट्ट होतं, पण लिहिण्याजोगं कोरडं व्हायला दोन दिवस लागतात. पाणी जास्त झालं तर खडू भुगा होतो, कमी झालं तर इतका कडक होतो की जमिनीवर ओरखडेच उठतात. उरलेलं मोरीत ओतू नका, नळीत दगड होतो.

त्यापेक्षा जमिनीवरचा रंग करा. एक कप कॉर्नफ्लॉवर, एक कप पाणी, खायचा रंग. पाचच मिनिटांत मुलं रंगवायला लागतात. ओला असताना पांचट दिसतो, वाळल्यावर उठून दिसतो. पीठ तळाशी बसत राहतं, म्हणून दर थोड्या वेळाने तळापासून ढवळायला एकाला नेमा. हे काम मुलांना रंगवण्याइतकंच आवडतं. पाणी उडून मिश्रण दाटलं तर ते ब्रशखाली अडकायला लागतं, हळू हलवलं तर वाहतं, झटका दिला तर घट्ट. चमचाभर पाणी घातलं की सुटतं. ब्रश भिंती रंगवायचा, पाच सेंटिमीटर रुंद. डब्यातला कुंचला खडबडीत जमिनीवर तासाभरात टक्कल पडून येतो. खायचा रंग सच्छिद्र फरशीत मुरू शकतो, आधी कोपऱ्यात ठिपका लावून, वाळवून, धुऊन पाहा.

पतंगाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. कागद ठीक असतो, शेपूट आखूड असते. दोन सेंटिमीटर रुंदीची फीत पतंगाच्या उंचीच्या पाच-सहा पट लांब लावा. गिरक्या घेत खाली आला तर शेपूट वाढवा. नुसता ओढ देतोय पण वर चढत नसेल तर दोऱ्याची गाठ अर्धा सेंटिमीटर नाकाकडे, म्हणजे वरच्या टोकाकडे, सरकवा. डोक्यावर जाऊन फडफडत कोसळत असेल तर तेवढीच खाली. पानं सळसळतील इतका वारा पुरे. दोरा सुतीच हवा, आणि जवळपास विजेच्या तारा असतील तर त्या जागी पतंग उघडायचाच नाही.

डबा घ्यायचा ठरलाच तर खोक्यावर छापाच्या कागदांची संख्या आणि उत्पादनाची तारीख शोधा. संख्या सहापेक्षा कमी असेल तर दोन मुलांत पुरत नाहीत, कारण पहिला कागद शिकण्यातच जातो. जुना साठा असेल तर लेप पिशवीतच हळूहळू निळा पडतो. तारीख नसेल तर घरी आणल्यावर मंद उजेडात एका कागदाचा कोपरा काढून पाण्यात बुडवा: पांढरा निघाला तर माल चांगला, निळसर राहिला तर डबा परत करा.